वॉल्टरची हजेरी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय, आणि दर वेळी बायकोला माझा एकच प्रश्न असायचा – "यातल्या एकानेही थर्मामीटर का लावला नाही?" माझं कामच कॅलिब्रेशनचं. दुसऱ्यांची मोजायची यंत्रं खरं सांगतायत की खोटं, ते तपासायचं. सत्तावीस वर्षं तेच करतोय, त्यातली एकोणीस जर्मनीत. कुणी 'अचानक गारवा जाणवला' म्हणालं की मी विचारणार – किती अंश? त्यामुळे भुताखेतांशी माझं भांडण नव्हतं आणि ओळखही नव्हती.

माझी पंचाईत अशी झाली, की जे घडलं ते मोजता आलं. सगळे आकडे माझ्याकडे आहेत. त्यांचं करायचं काय ते कळत नाही, म्हणून लिहितोय.

आधी घर सांगतो. डार्मश्टाटपासून ट्रेन आणि मग बस, मिळून पन्नास मिनिटांवर आमचं गाव. घर डोंगर-उतारावर आहे, त्यामुळे रस्त्यावरून आत आलात की तुम्ही मधल्या मजल्यावर असता. झोपायच्या खोल्या वर, अरुंद जिन्याने. आणि बारा पायऱ्या खाली उतरलं की पाहुण्यांची खोली. मागची भिंत मातीत, पुढची खिडकी बागेत, खिडकीसमोर प्लमचं झाड. खोलीचं घनफळ चौतीस घनमीटरच्या जरा आत.

मागची भिंत मातीत म्हणजे बुरशीची भीती आलीच. इथे त्यावर उपाय एकच – श्टोसल्युफ्टन. दिवसातून दोनदा दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ पडत असला तरी. हवा पुरेशी बदलते का ते कळावं म्हणून मी त्या खोलीत एक मीटर लावलाय. तापमान, दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड, दर मिनिटाला एक नोंद. माणूस श्वास सोडतो तसा तिसरा आकडा चढतो. खोली रिकामी असली की तो ४२० ते ४४०च्या मध्ये बसून राहतो. सहा वर्षांच्या नोंदींत, रिकाम्या खोलीत तो ४६०च्या वर एकदाही गेलेला नाही. हे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी वसंतात मला कॅनडातून एक ईमेल आली. प्रेअरीतलं एक गाव, वस्ती चारशेच्या आत. धान्याचं उंच कोठार, एक चर्च, एक हॉल, आणि हॉलसमोर दगडी स्तंभ. स्तंभावर दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या गावच्या तेवीस जणांची नावं. लिहिणाऱ्या डोरीनबाई, वय चौऱ्यांशी, गावच्या निवृत्त पोस्टमास्तर. त्या तेवीस जणांची माहिती एका पुस्तकासाठी जमवत होत्या – कोण कुठल्या शेतावरचा, कुठे पडला, कुठे पुरला. बावीस जणांचं काम झालं होतं. तेविसावा त्यांचा सख्खा मामा. वॉल्टर, वय एकोणीस. आडनाव मी मुद्दाम देत नाही.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात वॉल्टरचं विमान आमच्या गावच्या उतारावर पडलं होतं. आत सात जण. सहा सापडले. गावाने त्यांना पुरलं, पुढे लष्करी दफनभूमीत नेलं. सातवा, शेपटीत बंदुकीमागे बसणारा वॉल्टर, सापडला नाही. शेपूट सापडली, आतली जागा रिकामी. ती शेपूट नेमकी कुठे पडली होती, तो बिंदू बाईंना हवा होता. आमच्या गेमाइंडेच्या, म्हणजे गावच्या कचेरीच्या, कपाटात हाताने काढलेला एक नकाशा निघाला होता आणि कचेरीतल्याच कुणीतरी 'हा माणूस मोजून देईल' म्हणून माझा पत्ता दिला होता.

असलं काम मला मनापासून आवडतं. एका शनिवारात केलं. चर्चच्या मनोऱ्यापासून इतके मीटर, जुन्या विहिरीपासून इतके. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. एक बिंदू ओढ्यात आला, तो बाद. दुसरा आमच्या, युद्धानंतर बांधलेल्या, घरात आला. पाहुण्यांच्या खोलीत, खिडकीपासून एक मीटर वीस सेंटिमीटर आत.

मी खुशीत अनघाला, म्हणजे बायकोला, सांगितलं.

"पाहुण्यांच्या खोलीत निघाला?" ती म्हणाली. "छान. आता हे नानांना सांगू नकोस. ऑक्टोबरमध्ये त्यांना तिथेच झोपायचंय."

नाना म्हणजे माझे सासरे. एकोणऐंशी वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावातले, एकतीस वर्षं हायस्कुलात मास्तर. दमा जुना. ऑक्टोबरच्या मध्यावर नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं क्लिप-यंत्र त्यांच्या बॅगेत होतंच. आल्या दिवसापासून रोज सकाळी मी तो आकडा लिहून ठेवू लागलो. ९५, ९६, ९५.

"मिलिंदराव, माझा पण चार्ट काय?" नाना म्हणाले. "रंगीत करा. पुण्याच्या नातीला दाखवू."

अकरा नोव्हेंबरला डोरीनबाईंच्या हॉलमध्ये स्मरणाचा कार्यक्रम असतो. त्यांनी मला व्हिडिओवर बोलावलं आणि विनंती केली, की शक्य झालं तर त्याच बिंदूवर बसा, वॉल्टरचं नाव येईल तेव्हा तुम्हाला मोठ्या पडद्यावर दाखवू. त्यांच्याकडे सकाळचे अकरा, आमच्याकडे संध्याकाळचे सहा. त्याच वेळी आमच्या रस्त्यावरून मुलांची कंदिलांची मिरवणूक जाते, बँड वगैरे. आवाज नको म्हणून मी खालची खिडकी घट्ट बंद केली आणि खुर्ची बिंदूवर ठेवून बसलो. नाना आणि अनघा वर मिरवणूक बघत होते.

हॉलमध्ये साठेक माणसं असतील. बाई उभ्या राहून जाड वहीतून एकेक नाव वाचत होत्या. नाव आलं की त्या घरातलं कुणीतरी उभं राहून म्हणे – "प्रेझेंट". बावीस झाली. मग वॉल्टर.

कुणी उठलं नाही.

मला वाटलं नेट अडकलं. पण पडद्यावर माणसं हलत होती, कुणीतरी खोकलं. बाईंनी पुन्हा नाव घेतलं. पुन्हा शांतता. मग बाईंनी मान वर करून कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. आता खरं सांगतो. इंजिनिअरिंगला चार वर्षं मी रूममेटची प्रॉक्सी दिलेली आहे. नाव पुकारलं जावं आणि कुणीच बोलू नये, ही शांतता आमच्यासारख्यांना सोसत नाही, तोंड आपोआप उघडतं. मला वाटलं, या माझ्यासाठीच थांबल्यात.

मी म्हणालो, "प्रेझेंट."

साठ माणसं एकदम पडद्याकडे वळली. बाईंचा चेहरा... दुःखी नव्हता. दाराची कडी वाजल्यावर माणूस बघतो तशा बघत होत्या. मग त्यांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं. रिवाज त्यांच्या आईचा, म्हणजे वॉल्टरच्या बहिणीचा. नाव तीनदा पुकारायचं, आणि तो सापडेपर्यंत त्याच्या वतीने कुणीही उत्तर द्यायचं नाही. इतक्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं. 'तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चूक माझी. मनाला लावून घेऊ नका.'

ही ईमेल मी डार्मश्टाटला ऑफिसात वाचली. सव्वानऊ वाजले होते. सवयीने मीटरचं ॲप उघडलं. नाना सात वाजता वर आले होते, अनघाने आठ वाजता दहा मिनिटं खिडकी उघडून बंद केली होती, आकडा ४२८ वर उतरला होता. आणि तिथून सरळ रेषेत चढत ९७० वर गेला होता.

घरी फोन लावला. "नाना खाली झोपलेत का परत?"

"नाही. माझ्यासमोर लसूण सोलतायत. का?"

"खाली कुणी आहे?"

"मिलिंद, ऑफिसात काम नाहीये का तुला?"

पुढचे दहा दिवस मी जे जे करायचं ते केलं. मीटर बाहेर बागेत नेला – ४२५, म्हणजे मीटर खरा. ऑफिसातून दुसरा आणला, शेजारी ठेवला – दोघांत वीसचाही फरक नाही. मातीतून वायू येतो, म्हणून मोरीचं भोक आणि भिंतीच्या सांध्यांवर टेप लावली. काही फरक नाही. आणि मातीतला वायू झोपत नाही. हा झोपत होता. रात्री बारानंतर नानांच्या श्वासाच्या वर जी जादा चढण दिसायची ती हळू, सकाळी सहानंतर जलद. दमटपणा चढायचा. तापमान अर्धा अंश वर. चौतीस घनमीटरमध्ये ताशी पाचशेच्या आसपास चढण म्हणजे किती, हे गणित मी तीनदा केलं. जागा असलेला, स्वस्थ बसलेला, एक मोठा माणूस.

शनिवारी दुपारी दोन वाजता अनघा नानांना फिरायला घेऊन गेली. मी खोलीचं दार बाहेरून टेपने बंद केलं आणि बागेतून वळसा घालून खिडकीशी गेलो. लख्ख ऊन होतं. आत पलंग, खुर्ची, नानांची शाल. कुणी नाही. पण काचेवर, आतल्या बाजूने, वाफेचा एक ठिपका होता. बशीएवढा. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

तो ठिपका मोठा होत होता आणि लहान होत होता.

मी घड्याळ लावलं. मिनिटाला सोळा. पुन्हा मोजलं. सोळा. तिसऱ्यांदा मोजायला लागलो आणि नीट दिसावं म्हणून काचेजवळ वाकलो... तो थांबला. कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळल्यावर माणूस श्वास रोखून धरतो, तसा. मी धावलो नाही, पण प्लमच्या झाडापर्यंत मागे चालत गेलो, खिडकीकडे पाठ न करता. नंतर नोंदी पाहिल्या. त्या एका मिनिटात आकडा चढलेला नाही.

अनघाला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगावं लागलं ते नानांमुळे. त्यांचा आकडा ९५वरून ९३ झाला होता, मग ९१. जिना चढताना मधे थांबायला लागले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीचा फोटो काढला, पुण्याहून आणलेल्या जुन्या फोटोशी ताडून पाहिला. "गेनाऊ, अगदी तसाच आहे," त्या म्हणाल्या. "फुप्फुसात नवीन काही नाही. पण ८८च्या खाली गेला तर थांबू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा."

त्याच दिवशी मी नानांना वर दिवाणखान्यात, सोफ्यावर हलवलं. दोन्ही मीटर तिकडे नेले. संध्याकाळी आम्ही तिघं तिथे बसलो होतो. मी गणित मांडलं. चढण चौघांची होती.

म्हणजे ते आता खोलीपुरतं राहिलं नव्हतं. ते नानांच्या शेजारी होतं.

सकाळी ८९ आला. नानांनी क्लिप काढून माझ्या हातात दिली. "मिलिंदराव, महिनाभर तुम्ही माझ्याकडे कमी आणि त्या डबीकडे जास्त बघताय. वर्गातला पोरगा खिशात काहीतरी घेऊन बसला की असाच बसतो. काढा बाहेर."

मी काढलं. सगळं. अनघा दारात उभी राहून ऐकत होती, तिच्या हातातला कप तसाच राहिला. नानांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले,

"म्हणजे प्रॉक्सी मारलीत."

"...हो."

"कॉलेजात मारायचात?"

"रूममेटची. ड्रॉइंगच्या तासाला."

"आणि मी पोरगी दिली." ते हसले, मग त्या हसण्याचाच खोकला झाला आणि बराच वेळ थांबेना. अनघाने पाणी दिलं. श्वास सापडल्यावर म्हणाले, "आमच्या चावडीसमोरची शिळा बघितलीये ना तुम्ही, लग्नात? पहिल्या युद्धाला गावातून किती गेले आणि किती आले नाहीत. दोन आकडे. नाव एकाचंही नाही. माझे आजोबा त्या दुसऱ्या आकड्यात आहेत. त्या शिळेवरून त्यांना हाक मारायची तर काय म्हणून मारणार? ह्या बाईंकडे नाव आहे, तीन हाका आहेत. ती वही तुम्ही बिघडवलीत."

"मग खोडायला सांगू का?"

"हजेरीत खाडाखोड नसते. खोटी हजेरी लागली तर एकच. ज्यानं 'हजर' म्हटलं त्यानंच उभं राहायचं, आणि ज्यानं हजेरी घेतली त्याच्या तोंडावर सांगायचं – सर, तो आलेला नाही."

डोरीनबाईंना मी लिहिलं. श्वासाबद्दल, आकड्यांबद्दल, नानांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. चौऱ्यांशी वर्षांच्या बाईला काय लिहिणार? एवढंच, की मला उत्तर द्यायचा हक्क नव्हता, ते मला परत घ्यायचंय, तुम्ही नाव पुन्हा पुकाराल का.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं. त्यांच्या आईने घराच्या पुढच्या दारावरचा दिवा वॉल्टरसाठी रोज रात्री लावला. आईनंतर डोरीनबाईंनी. 'अकरा तारखेला रात्री मी तो पहिल्यांदा लावला नाही. वेडेपणा आहे, पण मला वाटलं, तो आत आलाय. फार शांत झोप लागली. तरीही तुमचं म्हणणं बरोबर आहे. रविवारी हॉलची किल्ली आणते.'

डिसेंबरचा दुसरा रविवार. संध्याकाळचे पाच. आम्ही तिघं खालच्या खोलीत. नाना पलंगावर बसलेले, बोटाला क्लिप, तिच्यावर ८८. पडद्यावर रिकामा हॉल, आणि कोट घालून, वही घेऊन एकट्या बाई.

"सुरू करण्याआधी एक सांगू?" त्या म्हणाल्या. "मला त्याची एकच आठवण आहे. मी तीन वर्षांची होते. तो मला उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीशी न्यायचा, काचेवर श्वास सोडायचा आणि वाफेत बोटाने तोंड काढून दाखवायचा. मग ते विरेपर्यंत आम्ही बघायचो. बस, एवढंच आहे माझ्याकडे."

खिडकी माझ्या उजव्या हाताला होती. मी तिकडे बघितलं नाही. अनघाने बघितलं. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नखांचे वण दोन दिवस होते.

बाईंनी वही उघडली. नाव घेतलं. शांतता. पुन्हा घेतलं. शांतता. मग त्यांनी वहीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला नक्की ठाऊक आहे ना? तो तिथे नाही?"

मीटर माझ्यासमोर होता. खोलीत तीन माणसं आणि आकडा चौघांचा. अकरा नोव्हेंबरला मी 'प्रेझेंट' म्हणालो ते खोटं होतं, कारण तेव्हा इथे कुणी नव्हतं. आता होतं. पण नानांच्या बोटावर ८७ आला होता. आकडे समोर असताना त्यांच्या विरुद्ध मी आयुष्यात एकदाच बोललोय.

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी तिसऱ्यांदा नाव पुकारलं. मी उभा राहिलो. "तो आलेला नाही. माझी चूक झाली."

बाईंनी मान हलवली. आणि नाना, भिंतीला धरून कसेबसे उठले, आणि त्या खिडकीकडे बघून शाळा सुटताना बोलत असतील तसं हळू म्हणाले, "जा बाळा. घरी जा आता."

पाच वाजून बावीस मिनिटांची नोंद – १३८०. पाच तेवीसची – ४३१. खिडकी बंद, दार बंद, आम्ही तिघं आत. वायू असा जात नाही. भिंत पडली तरी इतक्या लवकर जात नाही. हे दोन आकडे मी छापून ठेवलेत.

सकाळी नानांचा ९२. चार दिवसांत ९५. जानेवारीत ठरल्या तारखेला ते परत गेले. विमानतळावर मला म्हणाले, "चार्ट चांगला राखलात, मिलिंदराव. प्रगतीपुस्तकावर शेरा देतो – वर्तणूक सुधारली." आता फोनवर रोज आकडा सांगतात. ९५, ९६.

मी इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

नाना गेले त्या आठवड्यात डोरीनबाईंची ईमेल आली. थंडी फार आहे, उणे तीस. पुस्तक छापायला गेलं. आणि जाता जाता एक ओळ – अलीकडे जिना चढताना थांबावं लागतं, डॉक्टरांना काही सापडत नाही, वय झालं.

ती ओळ मी किती वेळा वाचली ते मोजलं नाही.

मी त्यांना माझ्याकडचाच एक मीटर पार्सलने पाठवला. लिहिलं, की तुमच्या मदतीबद्दल भेट, थंडीत घरं बंद असतात, हवा तपासलेली बरी. आकड्याचा अर्थ काय, ते लिहिलं नाही. त्यांना मजा वाटली. तो स्वयंपाकघरात ठेवला आणि दर रविवारी आकडे पाठवू लागल्या. मी त्यांच्याकडून खोल्यांची मापं मागवून घेतली. विचारलं, घरात कोण कोण असतं? 'मी एकटीच. मांजर होतं, ते दोन वर्षांपूर्वी गेलं.' गणित मांडलं. पुन्हा मांडलं. घर माझं नाही, फटी किती ते मला माहीत नाही, चूक धरायला भरपूर जागा आहे. सगळी चूक धरूनही ते एकटीचं घर नव्हतं.

अनघा म्हणाली, "सांग तिला."

"काय सांगू? तुझा मामा घरी आलाय, त्याला हाकलून दे?"

"आपण हाकललाच की."

मी लिहिलं, की दिवसातून दोनदा दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडत जा, थंडी असली तरी, इथे सगळे करतात, माझं एवढं ऐका. त्यांचं उत्तर मार्चच्या पहिल्या रविवारी आलं. त्यात आकडे नव्हते. जसं होतं तसं देतो –

'मीटर ड्रॉवरमध्ये ठेवलाय, रागावू नका. दारावरचा दिवाही लावत नाही आता. खिडक्या उघडायला मला नको वाटतं. आणि काळजी करू नका, दोघांना पुरेल एवढी हवा आहे इथे.'

त्यानंतर मी तीन ईमेल केल्या. पत्ता चालू आहे, परत आलेल्या नाहीत. उत्तर नाही.

मी कॅलिब्रेशनवाला माणूस. यंत्र चुकलं असेल तर मी शोधून काढतो, माणूस चुकला असेल तरी शोधून काढतो. इथे यंत्र चुकलेलं नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल तर मला खरंच हवंय. खालची खोली रिकामी आहे, आज सकाळचा आकडा ४२९. आणि मी डोरीनबाईंना 'दोन' हा आकडा कधीही लिहिलेला नव्हता.